पाच सुया कमी

बर्फाबद्दल मला जेवढं कळतं तेवढं दुसऱ्या कशाबद्दलच कळत नाही. लोहाऱ्याच्या एमआयडीसीत बर्फाच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं काढली. शिक्षण सहावी, तेही मास्तरांनी ढकलली म्हणून. दिवाळी अंक काढणारी पोरं घरी आली आणि म्हणाली, काका, नोकरीतले अनुभव लिहून द्या. मी म्हणालो, बाप्पा, पाण्याचा बर्फ होतो आणि बर्फाचं पाणी होते, यात काय अनुभव लिवू? ती म्हणाली, बर्फाचं नको, त्याच्यानंतरच्या नोकरीचं लिहा. सुयांचं.

तर सुयांचं लिहितो. गोड करून लिहिता येत नाही मला, आधीच सांगतो.

कारखाना बंद पडला आणि मी घरी बसलो. यवतमाळात औषधांची एक होलसेल एजन्सी आहे, तिचे शेठ आमच्याकडून बर्फ नेत. त्यांनी बोलावणं धाडलं. म्हणाले, "एका कंपनीची महागाची इंजेक्शनं नागपूरहून थंड पेटीत येतात. ती पेशंटच्या घरी थंडच पोचली पाहिजेत. दोन पोरं ठेवून पाहिली. एकानं पेटी उन्हात ठेवली, दुसऱ्यानं बर्फात गाडली. तुम्ही करता का?"

बर्फात गाडणारा पोरगा उन्हात ठेवणाऱ्यापेक्षा जास्त येडा, हे लोकांना कळत नाही. हे औषध थंड पाहिजे, पण गोठलं की मेलं. वरून तसंच दिसतं, पाण्यासारखं, पण आत जीव राहत नाही. म्हणून बर्फाची थैली फ्रीजरमधून काढली की लगेच पेटीत ठेवायची नाही. तिला घाम फुटू द्यायचा. हलवली की आतलं पाणी खळखळलं पाहिजे, मगच पेटीत. हे मला कोणी शिकवलं नाही. पहिल्या दिवशी एजन्सीत मी थैली कानाजवळ धरून हलवत बसलो तर तिथला कारकून हसला. नंतर तोही तसंच हलवायला लागला.

आता हा आजार काय, ते सांगतो. एम. एस. म्हणतात, मल्टिपल स्क्लेरोसिस. डॉक्टरसाहेबांनी मला समजावलं ते असं: विजेच्या तारेवर प्लास्टिक असते ना, तसं आपल्या नसांवरही वेष्टण असते. या आजारात शरीर स्वतःच ते वेष्टण कुरतडते. मग कुठं करंट पोचतो, कुठं पोचत नाही. कोणाचा पाय जड होतो, कोणाला डोळ्यापुढं धुकं येते, कोणाला लघवी कळत नाही. मग थोडं बरं वाटते. मग पुन्हा झटका येतो. जास्त करून जवान माणसं, त्यातही बाया जास्त. इंजेक्शनानं आजार जात नाही. झटके कमी येतात, एवढंच. म्हणजे जे घेतल्यानं काही दिसत नाही, ते रोज टोचून घ्यायचं. खोकल्याचं औषध घेतलं तर खोकला थांबतो. इथं काय थांबलं ते दिसत नाही. म्हणून लोक सोडतात. त्यासाठीच कंपनीचा तो 'पेशंट सपोर्ट प्रोग्राम' होता आणि जिल्ह्यात त्या प्रोग्रामचे हातपाय म्हणजे मी.

काम असं. महिन्यातून एकदा पेशंटच्या घरी तीस सुयांची पेटी द्यायची. सुया म्हणजे भरलेली इंजेक्शनंच, रोज एक. गेल्या महिन्याच्या रिकाम्या सुया लाल डब्यातून परत घ्यायच्या आणि मोजायच्या. तीस आल्या तर ठीक. कमी आल्या तर फॉर्मवर कारण लिहायचं. मग पुण्याहून एक मॅडम पेशंटला फोन करायच्या. सलग तीन महिने कमी आल्या तर मी रिपोर्ट लिहायचा, आणि त्यावर औषध चालू ठेवायचं की थांबवायचं हे वरचे लोक ठरवायचे.

जिल्हाभर मिळून पेशंट सहा-सातच होते. पण एकेक नमुना! बाभुळगावला एक रिटायर मास्तर. "थंड ठेवा" वाचून त्यांनी पेटीच फ्रीजरमध्ये ठेवली. मी म्हणालो, गुरुजी, खाली "गोठवू नका" लिवलं हाय. ते म्हणाले, "मी प्रश्नपत्रिका पूर्ण वाचायला शिकवत आलो, स्वतः वाचली नाही." दुसरा एक गडी इंजेक्शन तुळशीच्या कुंडीत रिकामं करायचा आणि मला तीसच्या तीस परत द्यायचा. टोचलेली सुई वेगळी दिसते आणि कुंडीत दाबलेली वेगळी. मी तुळशीकडं पाहिलं फक्त. तो म्हणाला, "काका, तुळस मस्त वाढून राह्यली." मी म्हणालो, "हाव, तिले झटका येत नाही आता." पुढच्या महिन्यापासून लेकाचा घ्यायला लागला.

पण माझी बायको, सुमन, तिच्याशिवाय हे काम मला जमलं नसतं. ती अंगणवाडीत मदतनीस होती. मी घरी येऊन सांगायचो, अमक्या बाईच्या सुया कमी आल्या. ती हात पुसून माझा मोबाईल घ्यायची आणि त्या बाईला फोन लावायची. आधी अर्धा तास भाजी, लेकरं, सासू. मग हळूच खरं निघायचं. लघवी कळत नाही म्हणून बसमध्ये बसायची लाज वाटते, मांडीवर गाठी आल्या म्हणून नवरा नाक मुरडतो, असलं. हे मला कोणी सांगितलं असतं? पुण्याच्या मॅडमना तरी कोणी सांगितलं असतं? त्यांच्या कागदावर प्रश्न होता, "तुम्हाला काही अडचण आहे का?" त्याचं उत्तर आपल्याकडं एकच, "नाही." प्रोग्रामच्या कागदावर सुमनचं नाव कुठंच नव्हतं. अर्धा प्रोग्राम तीच चालवायची.

आता जिच्यासाठी हे लिहायला बसलो तिचं सांगतो. तिला वैशाली म्हणू, खरं नाव वेगळं आहे. दारव्ह्याहून काळी-पिवळी जीपनं आत गेलं की तिचं गाव. वय तिशीच्या आत. लेकरूबाळ नव्हतं. नवरा पुण्याला कंपनीत, दिवाळीला आणि लग्नसराईत यायचा. घरी सासू-सासरे. शेती चांगली, कापूस आणि तूर. सासरा नामदेवराव, बोलणं कमी, मान खाली. सासू कडक. सोवळंओवळं फार, पण सुनेवर जीव. पेटी घेऊन गेलो की मी छपरीत बसायचो. सासू बाहेर येऊन पेटी आत न्यायची आणि फ्रीजमध्ये ठेवायची. आम्ही बौद्ध. इतक्या वर्षांत त्या घराच्या आतल्या खोलीत मी पाय टाकला नव्हता. कोणी "येऊ नका" म्हटलं नव्हतं, कोणी "या" पण म्हटलं नव्हतं. आपल्याकडं हे असं असते, मी त्याचा पाढा वाचत नाही.

वैशालीच्या सुया नेहमी तीस. प्रोग्राममध्ये ती माझी पहिल्या नंबरची पेशंट. दर महिन्याला लाल डबा द्यायची आणि म्हणायची, "मोजा काका, मले मार्क द्या." सुया पूर्ण असल्या तरी सुमन तिलाही अधूनमधून फोन लावायचीच.

कापसाच्या पहिल्या वेचणीत तिची सासू गेली. छातीत दुखलं आणि अर्ध्या तासात संपली. पुढच्या महिन्यात सुया आल्या पंचवीस. मी म्हणालो, घरात दुःख आहे, चालते. फॉर्मवर लिहिलं, "घरी मृत्यू." त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा पंचवीस. तेव्हा माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. सुमनला नागपूरला भरती केलं होतं, किडनीचं. मी पेटी पोचवायचो आणि त्याच पावली नागपूरची बस पकडायचो. फॉर्मवर काय लिहिलं तेही आठवत नाही.

तूर सोंगायच्या दिवसांत सुमन गेली.

पुण्यानुमोदन झालं, पाहुणे गेले. पंधरा दिवसांनी मी पेटी उचलली आणि कामावर गेलो. घरी बसून भिंत पाहण्यापेक्षा बरं. वैशालीकडं पोचलो. तिनं लाल डबा दिला. मोजल्या. पंचवीस.

ती दारात उभी राहून म्हणाली, "काका, काकूची तब्येत कशी हाय आता? लय दिवस झाले, फोन नाही आला त्यायचा."

मी म्हणालो, "मेली."

असंच म्हणालो. दुसरा शब्द तोंडात आला नाही. ती पदर तोंडाला लावून खालीच बसली. मला तेही सहन झालं नाही. माझं दुःख ही कायले करून राह्यली, असं वाटलं. मी म्हणालो, "काकू गेली. आता काय सांगायचं ते मले सांग. पाच सुया काहून कमी? तीन महिने झाले."

ती जमिनीकडं पाहत म्हणाली, "विसरली."

"पाच-पाच डाव विसरते? जेवायची विसरते का तू?"

"नाई."

"मंग?"

"विसरली, काका."

मी उठलो. दारव्ह्याच्या स्टँडवर बसूनच रिपोर्ट लिहिला. अक्षर माझं खराब, पण शब्द स्वच्छ लिहिले: पेशंट निष्काळजी आहे. सांगून ऐकत नाही. औषध वाया जाते. खाली सही. तिचं कार्डही त्याला जोडलं. प्रत्येक पेशंटला एक कार्ड असते, त्यावर तारखा असतात, इंजेक्शन घेतलं की बरोबरची खूण करायची. ते कार्ड मी उघडूनही पाहिलं नाही.

पंधरा दिवसांत तिचं औषध थांबलं. डॉक्टरांचं नवीन पत्र आणल्याशिवाय पेटी नाही, असा निरोप आला. डॉक्टर नागपूरला, नवरा पुण्याला, सासरा आयुष्यात एकदाच नागपूरला गेलेला. पत्र आलं नाही. पेटी नाही म्हणून मीही तिकडं फिरकलो नाही.

उन्हाळा लागला. या आजाराला ऊन सोसत नाही. आपल्याकडचं ऊन तर विचारूच नका. एक दिवस नामदेवरावांचा फोन आला. त्या माणसाचा तो मला पहिलाच फोन.

"काका, पोरगी पडली. उजवा पाय उचलूनच नाही राह्यला."

नागपूरला नेलं. पाच दिवस सलाईनमधून औषध दिलं. पाय थोडा हलायला लागला. डॉक्टर म्हणाले, इंजेक्शन बंद होतं म्हणूनच झालं असं छातीठोक सांगता येत नाही, चालू असूनही झटका येऊ शकतो. ते शिकलेले आहेत, त्यांना तसंच बोलावं लागते. मी शिकलेला नाही. मी मनात कारणापुढं माझंच नाव लिहिलं.

डॉक्टरांनी पत्र दिलं आणि पेटी चालू झाली. पुण्याच्या मॅडमचा मला फोन आला. "काका, ही शेवटची संधी आहे. या महिन्यात कमी आल्या तर तिचं नाव कायमचं काढतील. तुम्ही जरा समजवा."

काय समजवू? एजन्सीत जाऊन तिची फाइल मागितली. कार्डाची झेरॉक्स होती. ती घरी आणली आणि चहाच्या टेबलावर पसरली. रोज बरोबरच्या खुणा, मग पाच घरं कोरी, मग पुन्हा खुणा. पुढच्या महिन्यात पुन्हा पाच कोरी. त्याच्या पुढच्या महिन्यातही पाच. विसरणारा माणूस असा विसरत नाही. तो आज विसरतो, मग आठ दिवसांनी विसरतो. ही पाचही घरं लागून होती. आणि दर महिन्याला एक-दोन दिवस पुढं-मागं, पण जवळपास तिथंच.

सुमननं कार्ड हातात घेताच सांगितलं असतं. मला पूर्ण संध्याकाळ लागली. आमच्या घरात बाईनं बाहेर बसायची रीत नाही. माझ्या बापानं दीक्षा घेतली तेव्हा मायला सांगितलं, हे आजपासून बंद. सुमन त्या दिवसांत स्वयंपाक करायची, अंगणवाडीत जायची, माझ्याशी भांडायची. म्हणून माझ्या टाळक्यात ते आलंच नाही. आलं तेव्हा चहा तसाच थंड झाला होता.

दुसऱ्या दिवशी पेटी घेऊन सकाळच्या गाडीनं गेलो. वैशाली छपरीत खाटेवर बसली होती, बाजूला काठी. चेहरा एवढासा झालेला. नामदेवराव अंगणात तुरीच्या काड्या मोळीत बांधत होते. हे बायांचं बोलणं. मला ते कसं करायचं ते माहीत नव्हतं आणि जिला माहीत होतं ती नव्हती. म्हणून मी जसा आहे तसाच बोललो.

कार्ड तिच्यापुढं धरलं. "पोरी, हे कोरे पाच दिवस तुह्ये बाहेर बसाचे हायेत का?"

तिनं पदर असा ओढला की चेहरा दिसेना. अंगणातला काड्यांचा आवाज थांबला.

"लाज नको करू. मी तुह्या बापाच्या वयाचा हाय. हाव का नाही, एवढंच सांग."

पदराआडून आवाज आला, "हाव."

"आन् सुई कोठी असते?"

"फ्रीजमंधी. फ्रीज सैपाकघरात. देवाच्या बाजूले." मग म्हणाली, "आत्याबाई होत्या तव्हा त्या काढून उंबऱ्यावर ठेवत. आता मी कशी जाऊ अंदर?"

"मंग यायले सांगायचं!" मी अंगणाकडं हात केला.

बोललो, पण मला समजत होतं. सासऱ्याला हे कोण सांगणार? नामदेवराव मात्र काड्या टाकून छपरीत आले आणि भिंतीला पाठ लावून खाली बसले. म्हातारा माणूस, पण कानापर्यंत लाल झाला होता. भिंतीशीच बोलल्यासारखा बोलला.

"मी खिचडी करतो त्या दिवसात. ताट उंबऱ्यावर ठेवतो आन् वावरात निंगून जातो, पोरीले अवघड नको व्हाले म्हणून. मले वाटलं, त्या दिवसात सुई चालतच नसन. पूजा नाही चालत, लोणच्याले हात लावणं नाही चालत, तसंच असन. बुढीनं मले कधी सांगतलं नाही. ते कव्हा सुई काढून देत जाये, म्या पाह्यलंच नाही."

वैशाली पदरातूनच म्हणाली, "मले वाटलं मामाजीयले नको हाय. ताट ठेवतात, सुई नाही ठेवत. म्हन्जे या दिवसात फ्रीजले कोणाचाच हात नको लागाले, असं असन."

झालं. एकानं तिची लाज राखली, दुसरीनं त्याचा मान राखला, आणि पाय गेला. मी तिसरा, मी निष्काळजी म्हणून लिहिलं. मला ओरडावं वाटलं, पण कोणावर ओरडणार?

मी म्हणालो, "भाऊ, सुईले इटाळ नसते."

"मले काय समजत नाही काय?"

"मंग सोडा ना हे. जाऊ द्या पोरीले अंदर."

नामदेवराव पहिल्यांदा माझ्याकडं सरळ पाहत बोलले. "तुमचं खरं हाय, काका. पण हा नेम बुढीचा हाय. चाळीस वर्षं तिनं पाळला. ते गेली आन् सहा महिन्यात मी मोडू? घरात तिचं दुसरं काय उरलं? लुगडी वाटून देली. हा नेमच तेवढा उरला."

मी त्या नेमाला चार शिव्या दिल्या असत्या, आजही देतो. पण माझ्या घरी सुमनची चप्पल अजून दाराशीच आहे. शेजारीण म्हणाली, काका, उचला आता. मी तिला जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मी म्हणालो, थर्मासमध्ये पाच सुया आधीच काढून ठेवू. मग मीच म्हणालो, नाही जमणार, त्यात रोज नवीन बर्फ लागन आणि बर्फही फ्रीजमध्येच. नामदेवराव म्हणाले, "मीच काढून देत जाईन." वैशालीनं मान हलवली. "तुमी कधी वावरात, कधी लग्नाले. आन् मी दर महिन्याले तुमाले सांगत बसू?"

मग नामदेवराव उठले. धोतर खोचलं. म्हणाले, "चला काका. अंदर या."

"कायले?"

"फ्रीज बाहेर काढू. देव राहू दे अंदर, नेमबी राहू दे. फ्रीज छपरीत."

मी चपला काढल्या आणि त्या घराच्या आत पहिल्यांदा गेलो. अंधारी थंड खोली, कोपऱ्यात देव, बाजूला फ्रीज, त्यावर सासूचा हार घातलेला फोटो. नामदेवरावांनी फोटो उचलला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि देवाजवळ ठेवला. मग आम्ही दोन म्हातारे फ्रीजला भिडलो. फ्रीज आडवा करायचा नसतो, उभाच सरकवायचा, हे मी ओरडून ओरडून सांगत होतो. आतलं दही सांडलं, माझ्या पायावर आलं. उंबऱ्याशी नामदेवरावांच्या कमरेत चमक भरली. ते तिथंच वाकून थांबले, मी दुसऱ्या बाजूनं फ्रीज पोटानं रेटून धरलेला. आम्हाला पुढंही जाता येईना, मागंही.

समोरून जाणारा एक जण म्हणाला, "काय हो नामदेवराव, फ्रीज इकून राह्यले काय?"

वाकलेल्या नामदेवरावांनी उत्तर दिलं, "उन्हाळा हाय ना. त्याले हवा खायले काढून राह्यलो."

वैशाली हसली. पदर बाजूला करून हसली. त्या घरात बऱ्याच महिन्यांनी कोणी हसलं असावं, कारण नामदेवराव तसेच वाकलेले असून मान वळवून तिच्याकडं पाहत राहिले.

छपरीत उन्हाची तिरीप कुठं येते ते मी पाहिलं, उत्तरेच्या भिंतीची जागा नेमली, भिंतीपासून वीतभर लांब ठेवला, म्हणजे मागची गरमी निघून जाते. वायर खिडकीतून आतल्या बोर्डात. खडू मागितला आणि फ्रीजच्या दारावरच लिहिलं: मधल्या कप्प्यात, मागं टेकवायचं नाही. मागं टेकवलं तर गोठते.

मॅडमना फोन करून कारण सांगितलं. त्या म्हणाल्या, "काका, माझ्या लिस्टमध्ये विसरले, त्रास झाला, प्रवासात होते, इतकीच कारणं आहेत. हे कशात टाकू?"

मी म्हणालो, "कशातच नका टाकू. नवीन ओळ काढा. आन् दुसऱ्या बायायलेबी इचारा, फ्रीज कोठी हाय आन् तुमाले कव्हाबी उघडता येते का."

मॅडम हळू म्हणाल्या, "माझ्या आजीकडे पण असंच होतं, काका. माझ्याच लक्षात कसं नाही आलं?" मला त्या बाईबद्दल पहिल्यांदा बरं वाटलं. त्यांनी खरंच ते विचारायला सुरुवात केली, असं नंतर एजन्सीत कळलं.

पुढच्या महिन्यात गेलो. मृग लागला होता, नामदेवराव पेरणीला गेलेले. वैशाली काठी टेकत स्वतः फ्रीजपर्यंत गेली, वरून लाल डबा काढला आणि माझ्यापुढं ठेवला. "मोजा" वगैरे काही म्हणाली नाही. मी चिमट्यानं एकेक उचलून मोजल्या. पुन्हा मोजल्या. तीस.

उजवा पाय मात्र ओढतच होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, यायचा तेवढा सहा महिन्यांत येईल, मग येणार नाही. आज सांगतो, अर्धा आला. काठी सुटली नाही.

मी फॉर्म भरला, पेटी ठेवली आणि उठायला लागलो. ती म्हणाली, "जेवून जा, काका." नको म्हणालो, पण तिनं ताट आणलंच. एका हातात काठी, दुसऱ्यात ताट, आणि मी मधे मदतीला उठलो तर म्हणाली, "बसा तुमी." भाकर, वरण, ठेचा. मला घास तोडता येईना. हे तोंडातून काढल्याशिवाय ते पोटात जाणार नव्हतं.

मी म्हणालो, "पोरी, तुह्यं औषध बंद झालं ते माह्या रिपोर्टनं. निष्काळजी हाय असं म्या लिवलं."

"माहीत हाय."

"कसं?"

"मॅडमनं फोनवर वाचून दाखोलतं. 'तुमच्याकडे येणाऱ्या काकांनीच लिहिलंय,' म्हणे."

"कव्हा?"

"तव्हाच. औषध थांबलं तव्हा."

म्हणजे कार्ड पुढं धरून मी तिला विचारलं तेव्हाही तिला माहीत होतं. माझ्यापुढं पदराआडून बोलली तेव्हाही. मी ताटाकडं पाहत म्हणालो, "आन् तरी तू मले वाढून राह्यली?"

ती खाटेच्या कडेवर बसली आणि पाय दोन्ही हातांनी उचलून नीट ठेवला. मग बोलली, आवाज न चढवता.

"राग हाय मले, काका. आजबी हाय. रोज सकाळी हा पाय खाटेवरून खाली सोडते ना, तव्हा पहिल्यांदा तुमचीच आठवण येते. खोटं कायले सांगू?" तिनं ठेच्याची वाटी माझ्याकडं सरकवली. "पण काकूले सांगणार होती मी हे फ्रीजचं. तीन महिने फोनची वाट पाहत होती. तुमी सांगतलं, ते गेली. मंग मले समजलं, मी फोनच्या भरवशावर होती, तुमी तं सगळ्याच बाबतीत तिच्या भरवशावर होते. जेवा आता. भाकर वातड होऊन राह्यली."

मी जेवलो. तिनं दुसरी भाकर विचारली नाही, सरळ वाढली.